प्रिन्स दुष्ट, की नुसता बिघडलेला?



नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी आला. त्यावर एवढं लिहून झालंय की आता या निवृत्त बाईंनी आणखी काय भर घालायची, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्या घरात एका प्रश्नावर अजून एकमत होत नाही. चार नातेवाईक जमले, जेवणं झाली, की कोणीतरी तो काढतोच. प्रश्न आर्ची-परश्याच्या प्रेमाचा नाही. आर्चीचा भाऊ प्रिन्स, त्याला काय म्हणायचं? तो मुळातच दुष्ट, की वाईट वळण लागलेला एक पोरगा?

माझा भाचा वकिली करतो. त्याचं म्हणणं असं, "मावशी, तो ज्या घरात वाढला त्या घराने त्याला दुसरं काही शिकवलंच नाही. दोष त्याचा कमी, घराचा जास्त." भाची लगेच उसळते, "म्हणजे तुरुंगातल्या प्रत्येकाने आपल्या घराकडे बोट दाखवायचं का?" दोघंही हुशार, दोघांचीही शुद्धलेखनाची वही मीच तपासलेली. त्यामुळे कोणाची बाजू घ्यायची ही पंचाईत. तेव्हा आज सवडीने लिहितेच.

(ज्यांनी सिनेमा पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून घ्यावा. शेवट सांगितल्याशिवाय मला पुढे सरकता येणार नाही.)

आमच्या पिढीला खलनायक ओळखायला कष्ट पडले नाहीत. निळूभाऊ फुले पडद्यावर आले, टोपी जरा तिरकी, डोळा त्याहून तिरका, की बायका पदर सावरून बसायच्या. गावोगावच्या बायका त्यांना शिव्याशाप द्यायच्या म्हणतात. प्रत्यक्षात हा माणूस राष्ट्र सेवा दलातून आलेला, सामाजिक कामात रमणारा. पण पडद्यावर ते दिसले की पुढे काय होणार हे पोरासोरांनाही कळायचं. 'सामना'तला त्यांचा हिंदुराव धोंडे पाटील आठवा. वाईटपणाला त्या काळी एक ठरलेला चेहरा होता आणि त्यामुळे आपल्याला बरं वाटायचं. आपल्या ओळखीत तसा चेहरा कोणाचाच नाही ना, मग झालं!

प्रिन्सचं तसं नाही. तो दिसायला चारचौघांसारखा आहे. हे काम केलंय सूरज पवारने. हाच मुलगा मंजुळ्यांच्याच 'फँड्री'त, २०१४ साली, जब्याचा जिवलग दोस्त पिऱ्या होता. तिथे आपण त्याच्यावर जीव लावला. इथे त्याच चेहऱ्याची धास्ती वाटते. नाकडोळे तेच, हसणंही तेच. दिग्दर्शकाने मुद्दाम केलं असेल-नसेल, मला त्यातून जे कळायचं ते कळलं. वाईटपणा चेहऱ्यात शोधायला जाऊ नये.

आता आधी भाच्याची बाजू मांडते, आणि नीट मांडते. नाहीतर म्हणेल मावशीने माझं ऐकूनच घेतलं नाही.

प्रिन्स हा तात्यांचा मुलगा. तात्या म्हणजे गावचे पुढारी. पैसा, वाडा, माणसं, सगळं हाताशी. भर सभेत ते विरोधकाच्या घरातल्या बाईवरून टोमणा मारतात. ज्याला घर सांभाळता येत नाही तो मतदारसंघ काय सांभाळणार, अशा अर्थाचा. लोक हसतात. पुढे त्यांचीच मुलगी, मासे धरणाऱ्याच्या मुलाबरोबर, त्यांच्या दृष्टीने खालच्या जातीतल्या मुलाबरोबर पळून जाते. जो दगड दुसऱ्यावर टाकला तो उलटून आपल्याच कपाळावर बसला. ज्या मुलाच्या कानावर लहानपणापासून हेच पडलं की घराची अब्रू म्हणजे घरातल्या बाईची वागणूक, त्याला आपण एकदम साने गुरुजींच्या श्यामच्या मापाने कसं मोजायचं? हा भाच्याचा प्रश्न, आणि प्रश्न खोटा नाही.

पण मी मास्तरीण आहे. मला तो सिनेमा शेवटच्या प्रसंगापाशी सुरू झालेला दिसत नाही. मला तो वर्गात सुरू झालेला दिसतो.

आठवतंय का? कॉलेजात नवे लोखंडे सर शिकवत असतात आणि प्रिन्स वर्गात बसून खुशाल मोबाईलवर बोलत असतो. सर त्याला हटकतात. प्रिन्स उठतो आणि सरांच्या कानाखाली वाजवतो. भर वर्गात, सगळ्यांच्या देखत.

मी चित्रपटगृहात पाहिला तेव्हा त्या वेळी काही पोरं हसली होती. (आमच्या एडवणला कुठलं थेटर! सफाळ्याला जाऊन गाडी धरायची तेव्हा सिनेमा.) माझ्या मात्र पोटात गोळा आला. आणि तो थपडेपेक्षा त्यानंतर जे होतं त्याने आला. त्यानंतर होत काहीच नाही. प्रिन्सला कोणी विचारत नाही की बाबा, तू हे का केलंस. उलट सरांनाच समजावून सांगितलं जातं की हा मुलगा कोणाचा आहे. सर गाल चोळतात आणि नोकरी सांभाळतात.

पस्तीस वर्षं मी फळ्यापुढे उभी राहिले. मुलगा एका दिवसात बिघडत नाही. तो आधी चाचपून पाहतो. एक पाऊल टाकतो आणि थांबून बघतो, कोणी ओरडतंय का. कोणी ओरडलं नाही की दुसरं टाकतो.

एक छोटी गोष्ट सांगते. गाव आणि शाळा दोन्ही सांगत नाही. आमच्या आठवीच्या वर्गात एका बड्या माणसाचा मुलगा होता. त्याने वाडीवरून येणाऱ्या एका मुलीची भूगोलाची वही फाडली. कारण काय, तर तिला त्याच्यापेक्षा चार गुण जास्त पडले. वरून मला निरोप आला, "बाई, जाऊ द्या, वडील आपल्या शाळेला मदत करतात." मी मुलाला काही बोलले नाही, हातही लावला नाही. एवढंच म्हटलं, की ही वही तू तुझ्या अक्षरात, नकाशांसकट, पुन्हा लिहून तिच्या हातात द्यायची. आठ दिवस तो मधल्या सुट्टीत बसून लिहीत होता. पाचव्या दिवशी मला विचारायला आला, "बाई, तिने ही नदी निळ्याने काढली होती का काळ्याने?" मी म्हटलं, "मला काय माहीत, तिलाच विचार." गेला आणि विचारलं त्याने. पुढे तो काही संत झाला नाही. पण आपण ज्याचं नुकसान करतो त्याच्यासमोर जाऊन उभं राहावं लागतं, एवढं त्याला कळलं.

प्रिन्सला ते कोणी करायला लावलं नाही. इथपर्यंत माझा भाच्याला पाठिंबा आहे. पण एवढ्यावर तो मला खिशात घालू पाहतो, ते जमणार नाही!

कारण याच सिनेमात आणखी एक थप्पड आहे, आणि ती आपण सोयीस्कर विसरतो. ती परश्या मारतो. हैदराबादेत दोघांचा संसार कसाबसा उभा राहिलेला असतो. सुमन अक्काने आसरा दिलेला, आर्ची कारखान्यात कामाला जाते, तेलुगू शिकते. वाड्यात वाढलेली ही मुलगी पत्र्याच्या खोलीत निभावून नेते. आणि परश्याच्या डोक्यात संशयाचा किडा शिरतो. ती कामावरच्या एका माणसाशी हसून बोलते म्हणून तो तिच्यावर हात उगारतो, चारचौघांत. ज्याच्यासाठी तिने घरदार सोडलं त्याने!

म्हणजे परश्याही धुतल्या तांदळासारखा नाही. तोही त्याच मातीत वाढलाय. बाई आपल्या मुठीत असली पाहिजे हे त्याच्याही कानावर पडलेलंच आहे. पण पुढे काय होतं? आर्ची निघून जाते. परश्या कोसळतो. इतका, की गळफास घ्यायला निघतो. (तेही शहाणपण नव्हे. पण त्याचं केलेलं त्याला खात होतं, हे नक्की.) ती परत येते आणि दोघं पुन्हा संसाराला लागतात.

मंडळी, दोष असलेला माणूस कसा असतो हे मंजुळ्यांनी आपल्याला परश्यात दाखवून ठेवलंय. म्हणून मला प्रिन्सला "नुसता चुकलेला" म्हणवत नाही. ती जागा आधीच भरलेली आहे.

दोष आणि दुष्टपणा वेगळा काढताना मी दोन गोष्टी बघते. एक, केलेलं त्या माणसाला नंतर बोचतं का? आणि दोन, मागे फिरायला त्याला वेळ होता का? रागाच्या भरात हात उठला, तर तो दोषच. त्याची शिक्षा व्हावी, पण त्याला रागाचं निमित्त तरी आहे. प्रिन्सपाशी राग तापून निवायला काही वर्षं होती. मधल्या काळात बहिणीला मूल झालं. तिने आईला फोन केला, लेकराचे बोल आजीला ऐकवले. त्या फोनचा धागा धरून ही माणसं येतात. करमाळ्याकडच्या गावातून हैदराबाद म्हणजे काही शेजारची वाडी नव्हे. गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत कितीतरी वेळा म्हणता आलं असतं, "चला, मागे वळू." आईने पाठवलेल्या भेटवस्तू हातात असतात. आर्ची हरखते. माहेरची माणसं आली! ती चहा ठेवते. सासुरवाशिणीला माहेरचं कुत्रंही गोड लागतं म्हणतात, इथे तर सख्खा भाऊ. शेजारीण बाळाला फिरवायला घेऊन गेलेली असते. ती परत येते तेव्हा सगळं संपलेलं असतं. पुढचं लिहीत नाही. त्या बाळाची पावलं ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना सांगून समजणार नाही.

ज्या हातांनी आईची भेट दिली त्याच हातांनी हे केलं. याला मी डोकं फिरणं म्हणत नाही. हे थंड डोक्याने केलेलं आहे. इथे मी भाचीच्या बाजूला जाऊन बसते.

मग तात्यांचं काय? काही जण म्हणतात खरा खलनायक तात्याच, प्रिन्स म्हणजे नुसतं हत्यार. तात्यांचा विचार करताना मला जास्त त्रास होतो, कारण हा बाप मुलीवर माया करतो. तिला बुलेट चालवू देतो, ट्रॅक्टर चालवू देतो. गावातल्या दुसऱ्या कुठल्या मुलीला एवढी मोकळीक नसेल. पण ती मोकळीक वाड्याच्या हद्दीपर्यंतची. घोडीला रान मोकळं सोडायचं, पण दावं हातात ठेवायचं, तशातली. मुलीने स्वतः ठरवायला सुरुवात केली आणि दावं ओढलं गेलं. त्याला प्रेम म्हणायचं का? तात्या म्हणतील, हो. आपल्यातलेही बरेच बाप म्हणतील, हो. म्हणूनच तात्या मला प्रिन्सपेक्षा ओळखीचे वाटतात, आणि त्या ओळखीची मला भीती वाटते.

शेवटच्या प्रवासाला कोणी पाठवलं, हे सिनेमा आपल्याला दाखवत नाही. हुकूम सुटतोय, कट शिजतोय, असं काही नाही. फक्त माणसं दारात येतात. मला वाटतं, हुकमाची गरजच उरली नव्हती. वर्गातल्या थपडेपासून सगळ्यांना ठाऊक होतं की या घरच्या मुलाला कोणी जाब विचारत नाही.

हा सगळा सिनेमा झाला, असं म्हणून हात झटकता आले असते तर बरं होतं. पण 'सैराट' यायच्या दोन वर्षं आधी, २८ एप्रिल २०१४ ला, अहमदनगर जिल्ह्यातल्या (आताचं अहिल्यानगर) खर्डा इथे एका सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी त्याचं बोलणं होतं, या संशयावरून. त्याला शाळेतून मारत नेलं, असा आरोप होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयात निकाल लागला आणि ज्यांच्यावर खटला चालला ते सगळे निर्दोष सुटले. साक्षीदारांतले बरेच जण फितूर झाले होते. त्यांत शाळेतले लोकही होते. म्हणजे मुलगा मेला हे खरं, पण कोणी मारलं हे कायद्याला सापडलं नाही.

ती बातमी वाचून मला लोखंडे सर आठवले. गाल चोळत गप्प बसलेले. सिनेमातल्या सरांना मी दोष देत नाही, मार खाल्लेल्या माणसाने आणखी किती करायचं? मी त्या बाकीच्यांबद्दल म्हणते, ज्यांना थप्पड लागलेली नाही आणि तरीही जे गप्प आहेत. प्रिन्स एकटा असतो तर तो चार दिवसांचा गुंड होता. या गप्प माणसांमुळे तो मोठा झाला.

२७ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने 'शक्तिवाहिनी' प्रकरणात निकाल दिला. दोन सज्ञान माणसांनी आपल्या मर्जीने लग्न केलं तर त्यांना घराण्याची, जातपंचायतीची परवानगी लागत नाही, हे स्पष्ट केलं. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारे असावेत, असंही सांगितलं. आर्ची-परश्याला त्या वेळी निवारा दिला तो सुमन अक्काने. ना ओळख ना देख, ना जात विचारली. सिनेमात प्रिन्सच्या बरोबर समोर मी तिला उभी करते. तिलाही दुनियेने काही फार सुखात वाढवलेलं नव्हतं. मग वाईट दिवस पाहिलेला प्रत्येक माणूस प्रिन्स का होत नाही? या प्रश्नाला भाच्याने अजून उत्तर दिलेलं नाही!

आता जरा आपल्या किनाऱ्याकडे बघू. आपल्याकडे वाडवळ, मांगेले, भंडारी, वैती, आदिवासी अशी सगळी वस्ती जवळजवळ. एका एसटीने जायचं, एका बाजारात मासळी-भाजी घ्यायची, आशापुरी देवीला नवस एकाच रांगेतून. त्यामुळे मुलामुलींची मनं जुळणारच. आपण म्हणतो, आपल्याकडे 'सैराट'सारखं होत नाही, आपले लोक समजूतदार. बऱ्याच अंशी खरं आहे. मुलगी पळाली की दोन वर्षं अबोला, मग नातू झाला की आजी पाळण्याचं निमित्त काढून जाते, आणि गाडी रुळावर येते. पण सगळ्याच घरांत येते का? मुलीचं नाव घरात काढायचं नाही असं ठरवलेली घरं आहेत. भावाच्या लग्नपत्रिकेतून तिचं नाव गाळतात. आई आजारी पडली तरी कळवत नाहीत. पूर्वी तर अख्ख्या घराला वाळीत टाकायचे. एप्रिल २०१६ मध्ये, म्हणजे 'सैराट' आला त्याच महिन्यात, आपल्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला आणि तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. कायदा करावा लागला, याचा अर्थ रोग होता.

आणि गंमत बघा, ज्यांना आपण मागासलेले म्हणतो त्या वारली पाड्यांवर जोडपं आधी संसार मांडतं आणि पैसे जमले की मग लग्न लावतं. कधीकधी स्वतःच्या लेकरांच्या साक्षीने. त्यात कोणाची अब्रू बुडत नाही. तेव्हा ही अब्रूची कल्पना काही रक्तातून येत नाही. ती शिकवावी लागते. आणि जे शिकवलं जातं ते शिकवणं थांबवताही येतं. एवढा तरी विश्वास मास्तरीण म्हणून मला ठेवलाच पाहिजे.

शेवटी एक. 'सैराट'वरून हिंदीत २०१८ साली 'धडक' आला. कथा उदयपूरला नेली, सगळं चकचकीत केलं आणि जातीचा मुद्दा पुसट केला. शेवटही बदलला. मारणारे तिथेही आहेत, पण ते का मारतात हे नीट कळत नाही. राहतं काय, तर काही वाईट माणसं. ते बघताना मला उलट हायसं वाटलं, आणि तिथेच काहीतरी बिनसलंय हे कळलं. कारण नसलेला दुष्ट माणूस आपल्याला सोयीचा असतो. त्याचं आपल्याशी नातं लागत नाही. प्रिन्सचं कारण आपल्या ओळखीचं आहे, म्हणून तो झोपू देत नाही.

तेव्हा माझा निकाल असा. प्रिन्स कसा घडला हे समजून घ्यावं, अगदी बारकाईने घ्यावं. पण ते पुढचा प्रिन्स घडू नये म्हणून, या प्रिन्सला सोडून देण्यासाठी नव्हे. त्याने केलं ते दुष्टपणाचं, आणि ते त्यानेच केलं. त्याला तिथवर चालू देणारे पुष्कळ होते. त्यांना दुष्ट म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण 'बिचारे' तर मुळीच म्हणणार नाही.

वकीलसाहेब, आता तुमची पाळी. पण फोनवर घाईघाईत नको. नीट चार ओळी लिहून पाठव, आणि सुमन अक्काचं उत्तर दिल्याशिवाय पाठवू नकोस. बाकीच्यांनीही आपापलं मत कळवावं. शुद्धलेखनाचे गुण कापणार नाही.